'लाईन' : एका शब्दाची आपल्याकडील वाटचाल

इंग्रजीतून आलेल्या शब्दांची चर्चा निघाली की आपण बहुधा टेबल, स्टेशन, कप अशा वस्तूंच्या नावांपाशी थांबतो. आम्हांस अधिक नवल वाटते ते 'लाईन' या शब्दाचे. लॅटिनमधील त्याचे मूळ जवसाच्या धाग्याशी जाऊन भिडते. गवंडी भिंत रचताना 'लाईनदोरी' धरतो, तेव्हा तो नकळत दोरीलाच दोरी जोडीत असतो.

बेळगावात हा शब्द पलटणीबरोबर आला असावा. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे छावणी वसली. शिपायांची घरे ओळीने बांधीत. त्या वस्तीला साहेब लोक 'लाइन्स' म्हणत. आपली 'पोलीस लाईन' ही त्याच रीतीची खूण. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली आणि लाईन म्हणजे लोखंडी रूळ झाले. निपाणीस आगगाडी गेली नाही. पण तेथील तंबाखूच्या पेठेत 'आपण कोणत्या लाईनीत?' असे कोणी विचारले, तर उत्तरादाखल धंदा सांगावयाचा. विजेबरोबर लाईनमन आला. टेलिफोन आला, तेव्हा ट्रंक कॉलची लाईन लागेपर्यंत घरची मंडळी ताटकळू लागली. बहकलेल्या मुलास वडील 'लाईनीवर' आणू लागले. तरुण मंडळी 'लाईन मारतात' त्याचा अर्थ वाचक जाणतातच. वयोमानपरत्वे आम्ही तो विस्ताराने सांगत नाही.

येथवर आमची तक्रार नाही. रेशनच्या दुकानापुढील रांगेस खुशाल लाईन म्हणावे. परंतु नातवंडे 'कवितेची दुसरी लाईन' म्हणू लागली, तेव्हा मन खट्टू झाले. रेघ, रांग, रेषा आणि ओळ या आपल्याकडे चार निरनिराळ्या गोष्टी. त्यांतील ओळ ओवी-अभंगांबरोबर घरात नांदलेली. सासरी निघालेल्या लेकीस 'पोहोचल्यावर चार ओळी लिही' असे सांगत. तेथे 'चार लाईनी' घालून पाहावे.

एके ठिकाणी मात्र हा शब्द शिरलेला आम्ही ऐकला नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. नकाशावर ओढलेली तीही एक लाईनच. तिच्या दोन्ही अंगांस आपली सोयरीक आहे, शेते आहेत, कुलदैवते आहेत. पण दिवसभर इंग्रजी मिसळून बोलणारा आपला मुलगाही तिच्याविषयी बोलताना 'सीमा' म्हणतो.