पद्मिनी आणि ओलं फडकं

आजोबांच्या पद्मिनीत सीटखाली एक जुनं फडकं असायचं. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना गाडी आचके देत बंद पडली, की ते बॉनेट उघडायचे आणि फडकं भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचे. पंप तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन उपाशी राहतं. पंप गार झाला की गाडी पुन्हा चालू. मागून मोठ्या गाड्या हॉर्न वाजवत जायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ही गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून या गाडीचं ११००-डी हे मॉडेल बनू लागलं आणि १९७४मध्ये त्याची 'पद्मिनी' झाली. इटलीत ११००ची मालिका १९६९लाच संपली होती. आपल्याकडे लायसन्स राज, आयातीवर बंधनं, स्पर्धा जवळपास नाही. त्यामुळे तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच कार्ब्युरेटर, वर्षानुवर्षं.

याला आपण मागासलेपण म्हणतो, आणि ते होतंच. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आल्यावर तिच्यासाठी उगाच रांगा लागल्या नाहीत. पण गाडी टिकवायची म्हटलं, तर हाच दोष कामाला यायचा. मॉडेल बदलत नाही म्हणजे एका गाडीचे बरेचसे पार्ट दहा वर्षांनी बनलेल्या दुसऱ्या गाडीला बसतात. आमचे मिस्त्री पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकून टायमिंग लावायचे. मॅन्युअल त्यांच्या कानात होतं. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यात तीन वर्षांपूर्वीचा कोड चालवायचा तरी घाम फुटतो.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या याच जोरावर चालल्या. त्या रस्त्यावरून गेल्या त्या मात्र पार्ट मिळेनात म्हणून नव्हे, तारीख आली म्हणून. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा वीस वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. जुन्या इंजिनांचा धूर आठवला तर हा नियम चुकीचा म्हणवत नाही. पण धूर मोजून गाडी बाद करणं वेगळं आणि जन्मसाल बघून बाद करणं वेगळं.

आमची गाडी त्याच्या कितीतरी आधी गेली. इंजिन ठणठणीत होतं, पण पावसाळ्यांनी तळाचा पत्रा खाल्ला होता. पाय ठेवायच्या जागेतून रस्ता दिसायचा. भंगारवाला येणार त्या सकाळी आजोबांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं आणि कार्ब्युरेटर, डायनॅमो, पेट्रोलचा पंप काढून त्यांच्या पिशवीत घातले.

"कुणाला तरी लागेल," म्हणाले.