सुकतीची बाटली

न्हावा आणि शेवा ही उरणजवळच्या खाडीकाठची दोन गावं. १९८९च्या मेमध्ये बंदर सुरू झालं आणि जगाच्या लेखी त्यांचं एकच नाव झालं. त्या पट्ट्यात मी क्षेत्र अधिकारी म्हणून पाण्याच्या बाटल्या भरत हिंडलो.

आमचं प्रदूषण नियंत्रण मंडळ केंद्राच्या १९७४च्या जल कायद्याहून जुनं. महाराष्ट्राने १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला, सप्टेंबर १९७० मध्ये मंडळ स्थापलं; केंद्राचा कायदा इथे लागू व्हायला १९८१ उजाडलं. त्यातलं एकविसावं कलम मला अजून पाठ आहे. सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी नोटीस, मग दोन भाग, सील, सह्या. भरती-ओहोटीचं त्यात अवाक्षर नाही.

पहिल्याच वर्षी एका कारखान्याचा नाला खाडीला मिळतो तिथे सकाळी अकराला बाटली भरली. प्राणवायू जागेवरच ‘फिक्स’ करावा लागतो : मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून बाटली उलटीसुलटी. साका तपकिरी आला तर पाण्यात जीव आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलेलं. माझा साका झकास तपकिरी.

पाग झटकत उभा असलेला म्हातारा हसला. “सायेब, भरतीचा पानी भरलात. आज पुनव. पंधराची पाऊणपट करा.” सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. कोकणातला हा हिशेब शेंबडं पोरही करतं. पदवीधर मी, मला कुणी शिकवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, सुकतीत म्हणजे ओहोटीला, एकटाच गेलो. नाल्याचं तोंड उघडं, चिखलात निवटी मासे नाहीत. साका पांढरा. पण त्या वेळी सही द्यायला कारखान्याचं कुणी नव्हतं. फाइलीत तपकिरी बाटलीच राहिली.

कायद्याला भरती नीट दिसली ती १९ फेब्रुवारी १९९१ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत. भरतीरेषेपासून ५०० मीटर आणि ओहोटीत उघडी पडणारी जमीन तिच्या कक्षेत आली. ७ ऑगस्ट २०१० ला ‘एमएससी चित्रा’ हे मालवाहू जहाज मुंबईजवळ दुसऱ्या जहाजाला धडकलं, तेल सांडलं. अमावास्या तोंडावर होती. उधाणाने तेल थेट तिवरांत नेऊन घातलं. २०१५ मध्ये, तेलगळतीच्या नव्हे तर बंदराच्या विस्ताराच्या प्रकरणात, हरित लवादाने इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाईचा आदेश दिला. त्यावर अपील झालं.

निवृत्तीपर्यंत माझ्या नमुना-वहीत तारखेशेजारी तिथी असायची. एका वरिष्ठांनी वही चाळून काळजीने विचारलं होतं, “इतके उपास झेपतात तुम्हाला?”