तारामती कोणी करायची?

1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा त्यांच्यापुढे एक साधा प्रश्न होता. तारामती कोणी करायची? जाहिराती दिल्या, विचारून झालं, पण बाई काही मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं आणि तारामती उभी राहिली. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली!

1932 साली कोल्हापूरच्या प्रभातने हीच हरिश्चंद्राची गोष्ट बोलपटात केली. 'अयोध्येचा राजा'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्राच्या कामात गोविंदराव टेंबे आणि तारामती... दुर्गा खोटे. मधे गेली फक्त एकोणीस वर्षं.

दुर्गाबाईंचं नाव निघालं की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. "चित्रपटात आलेली पहिली घरंदाज बाई." आज मला त्या 'घरंदाज' शब्दाबद्दल लिहायचंय. कारण नुकताच तो आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर येऊन गेला. माझ्या भाचीला बारावीनंतर नाट्यशास्त्र शिकायचंय. त्यावर कोणीतरी लिहिलं, "आपल्यासारख्या घरंदाज घरात असलं कोणी केलं नाही." ग्रुपवर उत्तर दिलं की चार अंगठे येतात आणि वाद तिथेच राहतो. म्हणून इथे लिहितेय. नातेवाईक मंडळी हे पान वाचतात, मला माहीत आहे :)

तर दुर्गाबाई. जन्म 1905 चा, मूळच्या गोव्याच्या लाड कुटुंबात. शाळा मुंबईची कॅथेड्रल, पुढे सेंट झेवियर्स कॉलेज. कॉलेजच्या वयातच खोट्यांच्या घरात लग्न झालं, दोन मुलगे झाले. मग सासरची आर्थिक घडी विस्कटली, पतीही अकाली गेले. मुलं वाढवायची तर पैसा हवा. 1931 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये छोटंसं काम केलं. चित्रपट पडला आणि लोकांची बोलणी मात्र पदरात पडली. चांगल्या घरची बाई, इंग्रजी शिकलेली, आणि सिनेमात! त्यानंतर वर्षभरातच शांतारामांची तारामती आली आणि तेच लोक कौतुक करू लागले.

इथे जरा थांबू या. दुर्गाबाईंच्या आधी पडद्यावर बायका नव्हत्या का? होत्या की! 'हरिश्चंद्रा'नंतर लगेचच फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या स्त्रिया. दोघी मायलेकी नाटक कंपनीतल्या. कमलाबाई लहानपणापासून रंगमंचावर उभ्या राहिलेल्या, ऐन तारुण्यात नवरा गेला आणि काम करूनच त्यांनी तीन मुलं वाढवली. चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा, विक्रम गोखले नातू. म्हणजे एका घरात तीन पिढ्यांचा अभिनय. याहून 'घरंदाज' ते काय असायचं?

पण तो मान त्यांना मिळाला नाही, कारण त्यांचं घर नाटकाचं होतं आणि नाटकाचं घर म्हणजे घर नव्हे, असा तेव्हाचा हिशेब. गंमत म्हणजे त्याच काळात बालगंधर्वांची शालू नेसण्याची ढब बघून घरंदाज बायका आपली नेसण शिकत होत्या. बाईचं रूप, बाईचं गाणं, बाईचं रडणं सगळं चालत होतं. चालत नव्हती ती फक्त बाई.

दुसरं उदाहरण हंसा वाडकरांचं. 'संत सखू', 'लोकशाहीर रामजोशी' गाजवणारी बाई. लहान वयात कामाला लागल्या आणि घर त्यांच्या कमाईवर चाललं. त्यांचं 'सांगत्ये ऐका' ज्यांनी वाचलंय त्यांना त्यातलं मोल ठाऊक आहे. त्याच आठवणींवरून श्याम बेनेगलांनी 1977 साली 'भूमिका' केला, स्मिता पाटीलला घेऊन. हंसाबाईंचं घराणं कलावंतिणींचं. काम तेच, कॅमेरा तोच, दिव्यांची उष्णता तीच. पण एकीला लोक 'धाडसी' म्हणाले आणि दुसरीबद्दल कुजबुजले. फरक कामात नव्हता, तो आडनावात होता.

हे लिहून मला दुर्गाबाईंना कमी लेखायचं नाही. उलट मला वाटतं, या एका शब्दाने सर्वांत जास्त अन्याय त्यांच्यावरच केला. 'घरंदाज बाई सिनेमात आली' इथे आपण त्यांची गोष्ट संपवतो. ती तर 1932 ची गोष्ट. त्यापुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्या काम करत होत्या, ते कोण सांगणार?

तो काळ पगारी नटांचा होता. एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर राहायचं, कंपनी सांगेल ते करायचं. दुर्गाबाई मात्र कोल्हापूरच्या प्रभातकडे काम करत, कलकत्त्याला जाऊन 'राजरानी मीरा' आणि 'सीता' करत, पुन्हा प्रभातकडे येत. 1936 च्या 'अमरज्योती'त त्या सौदामिनी झाल्या. पोटच्या मुलाचा ताबा कायदा देत नाही म्हणून बंड करून समुद्रावर चाचेगिरी करणारी आई. दोन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या बाईने ती भूमिका केली, हे लक्षात ठेवून तो चित्रपट बघा.

अजून चाळिशीही आली नव्हती, तेव्हाच त्यांनी वयाने मोठ्या भूमिका घेतल्या. 1941 साली अत्र्यांच्या 'पायाची दासी'त त्या खाष्ट सासू झाल्या, 1942 च्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. नायिकेचा चेहरा टिकवायचा की काम टिकवायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं दिलं. म्हणूनच 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये नवरा आणि मुलगा यांच्यात चिरडली जाणारी जोधाबाई आपल्याला मिळाली, आणि 1973 चा 'बॉबी', 1974 चा 'बिदाई'सुद्धा.

रंगभूमी तर निराळीच. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई होत्या. शिरवाडकरांनी मॅकबेथवरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी लेडी मॅकबेथची भूमिका केली. एवढी मोठी सिनेनटी संघाच्या नाटकाला तालमीपासून हजर राहायची! 1958 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1968 साली पद्मश्री आणि 1983 साली दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार तारामतीला मिळाला.

आणि आमच्या पिढीने ज्याच्यासाठी कामं बाजूला ठेवली ते 'वागळे की दुनिया' आठवतंय? 1988 ची ती मालिका दुर्गाबाईंच्या निर्मितीसंस्थेची. तेव्हा त्या ऐंशी ओलांडलेल्या होत्या. 1991 साली त्या गेल्या.

आता आमच्या ग्रुपकडे येते. आम्ही राहतो सरावलीला, तारापूर एमआयडीसीच्या उंबऱ्याशी. इथे रोज सकाळी शेकडो बायका डबा घेऊन पाळीला जातात. त्यांना कोणी विचारत नाही, घरंदाज आहात का? विचारतो ते हे की पगार किती, सुटी कधी, पाळी किती वाजता सुटते, परत यायला गाडी आहे का. हेच प्रश्न भाचीलाही विचारा, जरूर विचारा. रात्रीचा प्रयोग संपल्यावर मुंबईहून बोईसर गाठायचं कसं? पहिली काही वर्षं पैसे मिळाले नाहीत तर काय? शिकायचं कुठे, कोणाकडे? हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं सोपी नाहीत. माझ्याकडेही सगळी नाहीत.

पण 'आपल्या घरात असलं कोणी केलं नाही' हा प्रश्नच नव्हे. लाडांच्या आणि खोट्यांच्या घरातही 1931 पर्यंत कोणी केलेलं नव्हतं. कामतांच्या घरात मात्र आईने केलं आणि मुलीला हाताला धरून नेलं. या दोन घरांपैकी जास्त शहाणं घर कोणतं, हे मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की भाचीचा अर्ज भरून झालाय, आणि प्रवासाच्या खर्चापैकी अर्धा मी देणार आहे. उरलेल्या अर्ध्याचं बोला.