ऑपरेशनची यादी आणि ससूनमधली एक रात्र

रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाचं ऑपरेशन ऐनवेळी पुढे गेलं की नातेवाईक चिडतात. चिडणारच. पण यादी का हलते, हे समजायला पुण्यातलीच एक जुनी शस्त्रक्रिया पाहू.

१२ जानेवारी १९२४. येरवडा तुरुंगात आजारी पडलेल्या महात्मा गांधींना ससून रुग्णालयात आणलं. निदान झालं अपेंडिक्सच्या सुजेचं. त्यांच्या विश्वासाचे डॉक्टर मुंबईत होते, पण ते येईपर्यंत थांबण्यात धोका होता. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं तर पू पोटात पसरतो, आणि तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. गांधीजींनी संमतीपत्रावर सही केली आणि कर्नल मॅडॉक यांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

ही गोष्ट बहुतेक वेळा कंदिलासाठी सांगितली जाते. मला त्यातला ‘थांबता येणार नाही’ हा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. असा रुग्ण आज सकाळी अकराला आला, तर हर्नियाचं ठरलेलं ऑपरेशन मागे जातं.

मग तातडीची ऑपरेशनं रात्री उरकायची का? इंग्लंडमध्ये ऑपरेशननंतरच्या मृत्यूंची देशव्यापी चौकशी १९८० च्या दशकात सुरू झाली. रात्री दमलेल्या, अनुभव कमी असलेल्या डॉक्टरांवर अवघड केसेस पडतात, हे त्यातून पुढे आलं. दिवसा एक थिएटर तातडीच्या रुग्णांसाठीच ठेवा, अशी शिफारस झाली. ते थिएटर कधी रिकामं दिसतं, पण त्यामुळेच बाकीची यादी ठरल्या वेळी चालते. २००४ मध्ये तिथे चार गट ठरले: मिनिटांत, तासांत, दिवसांत करायची आणि सवडीने ठरवायची ऑपरेशनं. अपेंडिक्स साधारण दुसऱ्या गटात येतं. एकच थिएटर असलेल्या छोट्या हॉस्पिटलला हे परवडत नाही. तिथे यादी काठोकाठ न भरणं, एवढंच हातात असतं.

यादी घोटभर चहानेही कोलमडते. दुधाचा चहा प्यायल्यावर भूल देण्याआधी सहसा सहा तास थांबावं लागतं, साध्या पाण्यासाठी दोन तास पुरतात. म्हणून ऑपरेशन पुढे गेलंच, तर आता पाणी चालेल का, हे भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. मधुमेह असेल तर इन्सुलिनचंही विचारा.