लोणार विवर
लोणार विवर : महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील, बेसाल्ट या अग्निज खडकात निर्माण झालेले वर्तुळाकार विवर. व्यास सु. १,८३० मी., खोली सु. १५० मी. धाडपासून लोणारपर्यंतचे जिल्ह्याचे पठार सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा थरांचे (दक्षिण ट्रॅपचे) बनलेले असून प्लॅजिओक्लेज फेल्स्पार व पायरोक्सीन ही त्यातील मुख्य खनिजे होत.

इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. सभोवती सर्वत्र ज्वालामुखीजन्य खडक असल्याने ते ज्वालामुखी स्फोटाने वा भूमी खचून झाले असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. या वादाचा निर्णय अखेर खडकातील खनिजांनीच दिला. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी विवराच्या तळाखालील खडकांच्या तुकड्यांत मॅस्केलिनाइट आढळल्याचे दाखविले. प्रचंड आघातदाबाखाली प्लॅजिओक्लेज न वितळताच काचरूप होऊन ते बनते. ज्वालामुखी उद्रेकात एवढा दाब निर्माण होत नाही. त्यामुळे विवर अशनिपाताने झाल्याचे सिद्ध झाले. त्याचे वय प्रथम सु. ५०,००० वर्षे मानले गेले. २०११ मधील आर्गॉन कालनिर्णयानुसार ते सु. ५·७ लाख वर्षे येते. चंद्र व मंगळ यांवरील बेसाल्टी विवरांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी लोणार महत्त्वाचे ठरले आहे.