पेरियामेटची भाकितं

इंडियन सुपर लीगचे २०१४ ते २०२५ या काळात अकरा मोसम झाले. साखळीत पहिला आलेल्या संघानेच शेवटी करंडकही उचलला, असं त्यांत फक्त तीनदा घडलं: २०१८-१९ मध्ये बेंगळुरू, २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागान. उरलेल्या आठ वेळा पहिल्या नंबरावर पैज लावणारा हरला. उपांत्य फेरीत चार संघ असायचे. चार चिठ्ठ्या करून डोळे मिटून एक उचलली असती, तरी सरासरीने अकरातल्या पावणेतीन वेळा ती बरोबर निघाली असती. म्हणजे अख्खा मोसम गुणतक्ता घोकणाऱ्याच्या पदरात चिठ्ठीवाल्यापेक्षा जास्त पडलं ते पाव विजयाइतकं!

हा हिशेब मी चेन्नईच्या सौकारपेठेत बसून मांडतोय. आमची गलाईची भट्टी मिंट स्ट्रीटच्या मागच्या बोळात आहे. विट्याकडचे, खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले दुष्काळाला कंटाळून देशभर पांगले, त्यांत माझे वडील इथवर आले. जुनं सोनं-चांदी गाळायचं, टंच काढायचा, हा धंदा. तमिळ गिऱ्हाईक शेजारच्या मारवाड्यांच्या रांगेत आम्हालाही बसवतं आणि 'सेट्टु' म्हणून हाक मारतं. पेरियामेटचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम इथून चालत जाण्याजोगं. सामन्याच्या संध्याकाळी बोळातल्या भट्ट्या लवकर विझतात आणि पैजा लागतात. पैशांच्या नव्हेत, हरेल त्याने सगळ्यांना फिल्टर कॉफी आणि बज्जी द्यायची.

पैशांची गोष्ट या शहरात वेगळी आहे. गिंडीच्या रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावणं कायदेशीर ठरलं, कारण शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. लॉटरी मात्र राज्याने २००३ मध्ये बंद केली. पुढे ऑनलाइन जुगारावर राज्याचा कायदा आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ संसदेने बंद केले. कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं, यावर वकिलांनी वर्षानुवर्षं युक्तिवाद केले. फुटबॉलच्या बाद फेरीपुरतं त्याचं उत्तर पेरियामेटच्या मैदानाने पहिल्याच मोसमापासून द्यायला सुरुवात केली होती.

हे मैदान तसं जुनं. इथे पूर्वी कॉर्पोरेशन स्टेडियम होतं. जानेवारी १९५६ मध्ये विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध ४१३ धावांची सलामी दिली ती इथेच, आणि तो विक्रम ५२ वर्षं टिकला. नवं स्टेडियम उभं राहिलं १९९३ मध्ये. २०१४ मध्ये त्यात चेन्नईयिन एफसी आली. मालकांत अभिषेक बच्चन आणि धोनी, प्रशिक्षक इटलीचा मार्को मातेराझी. उत्तर चेन्नईतल्या व्यासरपाडीसारख्या वस्त्यांत फुटबॉल आधीपासून मुरलेला होताच. आता क्रिकेटवाल्या चेन्नईनेही निळे शर्ट चढवले.

पहिल्याच मोसमात चेन्नईयिन २३ गुणांसह साखळीत पहिली आली. सर्वाधिक गोल तिच्या एलानोचे, आठ. उपांत्य फेरीत गाठ पडली चौथ्या नंबरच्या केरळा ब्लास्टर्सशी. आमच्या बोळात पैजच लागेना, कारण ब्लास्टर्सच्या बाजूने कुणी उभंच राहीना. कोचीत चेन्नईयिनने ०-३ असा मार खाल्ला. १६ डिसेंबरला पेरियामेटमध्ये तिने ते तिन्ही गोल फेडले आणि सामना जादा वेळेत नेला. तिथे ११७व्या मिनिटाला ब्लास्टर्सच्या स्टीफन पिअर्सनने गोल केला आणि साखळीतला पहिला नंबर घरी बसला. करंडक नेला कोलकात्याने. साखळीतल्या चौदा सामन्यांपैकी त्यांनी जिंकले होते फक्त चार.

पुढच्या वर्षी पारडं फिरलं. २०१५ मध्ये चेन्नईयिन एका टप्प्यावर तक्त्याच्या तळाला होती. अखेरीस सलग सामने जिंकून ती २२ गुणांवर तिसरी आली. आणि नेमका तेव्हाच पूर आला. १ डिसेंबरच्या पावसाने शहर बुडालं, विमानतळ बंद पडला, दुसऱ्या दिवशी 'द हिंदू' छापून निघाला नाही. १८७८ पासून असं कधी झालं नव्हतं. उपांत्य फेरीचा घरचा सामना चेन्नईत घेणं अशक्य होतं, म्हणून तो पुण्याला बालेवाडीत हलवला.

घरचं मैदान म्हणजे भाकीत करणाऱ्याचा हुकमी पत्ता. ते गेलं, गावात पाणी, खेळाडू परगावी. समोर साखळीतला दुसरा आणि आदला विजेता कोलकाता. कुठल्याही ठोकताळ्याने चेन्नईयिनला झुकतं माप दिलं नसतं. १२ डिसेंबरला बालेवाडीत ती ३-० ने जिंकली. कोलकात्यात १-२ अशी हरली, तरी एकूण ४-२ ने पुढे गेली. २० डिसेंबरला मडगावच्या फातोर्ड्यात अंतिम सामना, समोर साखळीतला पहिला आणि घरच्या मैदानावरचा एफसी गोवा. ८७व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. मडगावात फटाके काढून ठेवले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही. ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून स्वयंगोल झाला, आणि भरपाई वेळेत स्टिव्हन मेंडोझाने तिसरा मारला. ३-२.

चेन्नईयिनचा दुसरा करंडक २०१८ चा. बेंगळुरू साखळीत ४० गुणांवर, चेन्नईयिन ३२ वर. अंतिम सामना बेंगळुरूच्याच कांतिरवा मैदानावर. नवव्या मिनिटाला सुनील छेत्रीने गोल केला तेव्हा आमच्याकडे बज्जीचं तेल तापायला ठेवलं होतं. मग ब्राझीलचा बचावपटू मेल्सन आल्वेस याने दोन कॉर्नरवर दोनदा डोकं लावलं, राफाएल आउगुस्तोने तिसरा मारला, आणि पुन्हा ३-२. मोसमभर कमावलेली आठ गुणांची आघाडी दोन कॉर्नर-किकमध्ये वाहून गेली. लगेच पुढच्या मोसमात हाच विजेता अठरा सामन्यांत नऊ गुण मिळवून शेवटचा आला. त्यानंतरच्या, २०१९-२० च्या मोसमात तो कसाबसा चौथा आला आणि दहा गुणांनी पुढे असलेल्या गोव्याला उपांत्य फेरीत ६-५ अशा एकूण गोलसंख्येने बाहेर काढून गेला. अंतिम सामना १४ मार्च २०२० चा, करोनामुळे रिकाम्या फातोर्ड्यात. तिथे तो कोलकात्याकडून १-३ हरला.

अशा निकालांवर सौकारपेठेतला सोपा शेरा असा : "हे सगळं किळी जोसियम आहे." किळी म्हणजे पोपट. तमिळनाडूत देवळांबाहेर जोशीबुवा पिंजरा घेऊन बसतात. पोपट बाहेर येतो, चोचीने एक पत्ता ओढतो, त्यावरून भविष्य. फुटबॉललाही या विद्येने हात लावला आहे. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या पॉल ऑक्टोपसचा बोलबाला होता, तेव्हा सिंगापूरच्या लिटल इंडियात एका तमिळ जोशाच्या मणी नावाच्या पोपटाने उपांत्यपूर्व फेरीचे चारही विजेते बरोबर सांगितले होते. अंतिम फेरीसाठी त्याने नेदरलँड्स उचललं, पॉलने स्पेन. ऑक्टोपस जिंकला. एप्रिल २०२४ मध्ये कडलूरच्या एका पोपटाने लोकसभेचे उमेदवार, चित्रपट दिग्दर्शक थंकर बच्चन यांचा विजय सांगितला. पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा असल्याने वनखात्याने जोशालाच पकडलं. थंकर बच्चन पुढे पडले. त्याच एप्रिलच्या २० तारखेला साखळीत सहावी आलेली चेन्नईयिन उपांत्य फेरीआधीच्या बाद सामन्यात गोव्यात १-२ ने हरून बाहेर पडली. त्या वेळी तक्ता आणि निकाल यांचं जमलं.

पण 'सगळं पोपटावर' हा शेरा मला पटत नाही, आणि त्याचं कारणही याच शहरात सापडतं. आमचा पुतण्या बुद्धिबळ खेळतो. या गावात दर दुसऱ्या घरात एक तरी पोरगं खेळतं, आनंदची आणि आता गुकेशची कृपा. खेळाडूंची ताकद मोजायची आर्पाड एलो यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये उचलली, आणि फिफाने २०१८ मध्ये त्याच धर्तीवर देशांची क्रमवारी लावायला घेतली. दोघांच्या एलो गुणांत शंभराचा फरक असेल, तर वरच्याने शंभरात सुमारे चौसष्ट गुण कमवावेत, असं तिचं गणित. नोव्हेंबर २०१३ मध्ये अण्णा सालैवरच्या हॉटेलात आनंद आणि कार्लसन जगज्जेतेपदासाठी बसले. कार्लसनचे गुण २८७०, आनंदचे २७७५. पंच्याण्णवच्या फरकाने कार्लसनला दहा डावांत ६.३ गुण मिळायला हवे होते. दहा डावांत त्याला मिळाले साडेसहा. सगळ्या चेन्नईचं काळीज आनंदकडे, आणि आकडा मात्र जवळजवळ तंतोतंत कार्लसनचा.

पुतण्याने मग फुटबॉलचा हिशेब करून दाखवला. "काका, समजा पहिला नंबर खरोखरच शंभर गुणांनी सरस आहे. एक फेरी जिंकायची शक्यता चौसष्ट टक्के धरा. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही जिंकायच्या तर चौसष्ट गुणिले चौसष्ट, म्हणजे एक्केचाळीस टक्के." थोडक्यात, संघ खरंच सरस असला तरी निम्म्याहून अधिक वेळा करंडक दुसऱ्याचाच. अकरा मोसमांत साडेचार करंडक अपेक्षित, मिळाले तीन. गलाईवाल्याला हे समजायला जड नाही. कसोटीवर ओढलेली एक रेघ पाहून टंच सांगणारा फसू शकतो. लगड गाळून सांगणारा सहसा फसत नाही. दहा डाव म्हणजे गाळलेली लगड. बाद फेरी म्हणजे एकच रेघ.

शिवाय ती रेघही धड उमटत नाही. या लीगचे अकरा अंतिम सामने पाहा : पाच नव्वद मिनिटांत सुटलेच नाहीत. दोन जादा वेळेत, तीन पेनल्टी शूटआउटवर. २०१९ चा अंतिम सामना मुंबईत ११७व्या मिनिटाला मुंबईकर राहुल भेकेच्या डोक्याने सुटला. सुरुवातीच्या मोसमांत साखळी जेमतेम दोन महिन्यांची, चौदा सामन्यांची. पहिल्या-चौथ्यात तीन-चार गुणांचं अंतर. त्या तक्त्याला कुणाचा दर्जा ठरवण्याइतका अवधीच मिळत नव्हता.

संयोजकांनीही हे ओळखलं असावं. २०१९-२० पासून साखळीत पहिल्या येणाऱ्याला वेगळी शिल्ड आणि आशियाई स्पर्धेचं दार, असा नियम आला. पहिली शिल्ड मिळाली ती चेन्नईयिनने प्ले-ऑफमधून घालवलेल्या गोव्याला. तेव्हापासून २०२५ पर्यंत या स्पर्धेत दोन सवालांना दोन उत्तरं होती : कोण चांगलं, याचं उत्तर शिल्ड देई, त्या आठवड्यात कोण जिंकलं, याचं उत्तर करंडक.

म्हणून आमच्या बोळात भाकिताची रीत बदलली आहे. 'अमुक जिंकणार' एवढंच सांगणाऱ्याचं भाकीत आता धरत नाहीत. शंभरात किती, ते सांगायचं, कागदावर लिहायचं आणि मोसमभराचे कागद एकत्र तपासायचे. साठ म्हणणाऱ्याचे संघ दहात सहाच्या आसपास जिंकले, तर तो जाणकार. दहाच्या दहा जिंकले, तर त्याला अजून अंदाज बांधता येत नाही, एवढंच सिद्ध होतं. आणि कॉफीचे पैसे त्यानेच द्यायचे.