आज्ञापालन, बेनेडिक्टाच्या नियमातील

इटलीतील मोंते कासिनोचा मठाधिपती संत बेनेडिक्ट याने सहाव्या शतकात रचलेल्या 73 प्रकरणांच्या लॅटिन नियमग्रंथात ईश्वराच्या आज्ञांचे आमरण पालन व्रतस्थाच्या नित्यक्रमातच मुरवलेले असून, त्या दररोज कृतीत आणाव्यात असे चौथे प्रकरण फर्मावते. मठात कायम होणारा उमेदवार आपला प्रतिज्ञालेख स्वहस्ते लिहून वेदीवर ठेवी; निरक्षराचा मजकूर दुसरा लिही, पण निशाणी त्याचीच लागे. प्रार्थनेचा इशारा होताच हातातले काम टाकून निघावे, असा दंडक होता. तथापि अशक्य वाटणाऱ्या हुकुमाबाबत योग्य वेळी, नम्रपणे कैफियत मांडण्याची मुभा 68 व्या प्रकरणात आहे, आणि ग्रंथकर्त्याचे मनुष्यज्ञान बहुधा याच तरतुदीत सर्वाधिक दिसते. वरिष्ठाने हुकूम कायम केल्यास मात्र ईश्वराच्या साहाय्यावर भिस्त ठेवून तो पाळावा लागे.